सेशनला ढोल एकच

सदर इसम श्री. अंबरीश वसंत टोकेकर, वय सत्तावन्न, मूळ राहणार पुणे, हल्ली मुक्काम साउथहॅम्प्टन. बांधा मध्यम, वर्ण स्वतःच्या मते गोरा, चष्मा आहे, केस होते. व्यवसाय: बंदरातल्या कंटेनरांनी कोणत्या क्रमाने जहाजावर चढावं हे ठरवणाऱ्या संगणकप्रणालीची देखभाल. वैवाहिक स्थिती: विवाहित; पत्नी सौ. श्रद्धा यांच्या म्हणण्यानुसार अजूनही. विशेष हुद्दा: पोर्ट्सवुड भागातील एका पबमध्ये दर रविवारी दुपारी भरणाऱ्या पारंपरिक आयरिश संगीताच्या सेशनचे एकमेव अधिकृत तालवादक, तसेच तालवाद्यांच्या योग्यायोग्यतेबाबत निर्णय देण्यास सक्षम प्राधिकारी. सदर अधिकार कोणी, केव्हा व कोणत्या ठरावान्वये प्रदान केले याची नोंद उपलब्ध नाही. ओळखीची खूण: डाव्या मांडीवर ढोल.

आता सेशन म्हणजे काय, तर मैफल नव्हे. मैफलीत वाजवणारे ऐकणाऱ्यांकडे तोंड करून बसतात. सेशनमध्ये टेबलाभोवती गोल करून एकमेकांकडे तोंड आणि जगाकडे पाठ. कुणीतरी एक धून सुरू करतं, ज्यांना येते ते आत शिरतात, ज्यांना येत नाही ते बिअर पितात. दोनचार फिडल, एखादी बासरी, अकॉर्डियन, बँजो एवढ्यावर भागतं. ढोल नसला तरी चालतं. ढोल नसला तर जास्त चांगलं चालतं, असं मानणारेच बहुसंख्य. पण ती सभ्य माणसं असल्यामुळे बोलत नाहीत.

अंबरीश तिथे पहिल्यांदा गेला तो तबला घेऊन. लहानपणी तबल्याच्या चार परीक्षा दिल्या होत्या. पबच्या कोपऱ्यात त्याने गादी मांडली, हातांना पावडर लावली, हातोडी काढली आणि डग्ग्याशेजारी मांडी ठोकून सूर लावायला बसला. बराच वेळ ठाकठूक चालली. शेवटी अकॉर्डियनवाला म्हातारा मॉसी, जो आयुष्यभर गोदीत काम करून निवृत्त झाला होता आणि ज्याला सेशनचा कुलपुरुष म्हणायला हरकत नव्हती, शेजारणीला म्हणाला, "दुरुस्त करतोय की मोडतोय?"

शेजारीण म्हणजे ब्रीजी. फिडल वाजवणारी, आयर्लंडातल्या क्लेअरकडची, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. सेशन तिच्या मानेच्या इशाऱ्यावर चालायचं. अंबरीशने त्यांच्या नाचऱ्या धुनेवर त्रितालाची तुकडे-तिहायांसकट जी काय साथ केली ती संपल्यावर ती म्हणाली, "लव्हली, अँब्रोझ. तबला मात्र किती जड असेल ना, उगाच वाहून आणू नकोस."

अंबरीशचं अँब्रोझ तिनेच केलं. त्याला ते आवडलं. संताचं नाव आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. इंग्लंडात "लव्हली"चा अर्थ कळायला माणसाला दहाएक वर्षं लागतात. अंबरीशला बावीस झाली होती आणि तो त्या अर्थाच्या गल्लीतूनही गेला नव्हता. तरी तबला चालणार नाही, एवढं त्याने ओळखलं. दोष वाद्याचा आहे, हा त्याचा निष्कर्ष. हातांचा असण्याची शक्यता त्याने तपासली नाही.

म्हणून त्याने बौरान घेतला. बौरान म्हणजे लाकडी कड्यावर एका बाजूने बकऱ्याचं कातडं ताणलेला, उथळ, परातीएवढा ढोल. मांडीवर उभा धरायचा, डावा हात उघड्या बाजूने आत घालून कातडं दाबायचं आणि उजव्या हातातल्या आखूड काठीने वाजवायचं. घरी आणला तेव्हा श्रद्धाने दारातच वास घेतला.

"हे काय आहे?"

"आयरिश ड्रम. पारंपरिक."

"कातडं आहे ना? देवाच्या खोलीत नको ठेवूस."

"अगं, तबला काय रबराचा होता? तोही कातड्याचाच."

"तबल्याला गादी असते," श्रद्धा म्हणाली. "हे म्हणजे सरळ हलगी दिसतेय. तुझ्या आजीने तुला अंघोळ करून घरात ये म्हटलं असतं."

अंबरीश हसला. त्याला स्वतःच्या पुरोगामीपणाचं कौतुक वाटलं. बौरान गॅरेजमध्ये राहिला.

मग त्याने अभ्यास केला. आयरिश सेशनला कोणतं तालवाद्य योग्य, कोणतं अयोग्य, यावर इंटरनेटवर जे जे होतं ते त्याने कंटेनरच्या क्रमासारखं पाठ केलं. बौरान योग्य, पण एका वेळी एकच. हाडांच्या पट्ट्या योग्य, वाजवणारा शहाणा असेल तर. चमचे, मॉसीने परवानगी दिली तर. आफ्रिकन ढोल, स्पॅनिश पेटी, खुळखुळे, खंजिरी: अयोग्य, अयोग्य, अयोग्य. आयरिश माणसाला हे नियम जन्मतः माहीत असतात आणि तो ते कधी उच्चारत नाही. अंबरीश मागाहून आलेला होता. त्याला ते उच्चारल्याशिवाय चैन पडेना. नवा मुल्ला जरा जोरात बांग देतो म्हणतात, तसं.

एका पोलिश बाईने ख्रिसमसच्या आनंदात खंजिरी काढली, तेव्हा त्याने तिला सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्या देशात चर्चमध्ये वाजवतात का हे? मग तिथेच छान." एक विद्यार्थी बसून वाजवायची स्पॅनिश पेटी घेऊन आला. अंबरीश म्हणाला, "वा, स्वतःची खुर्ची घेऊन आलास. आता नुसता बस हं." एका तरुण मुलीच्या हातातला अंड्याएवढा खुळखुळा तर त्याने हळूच काढून घेतला आणि खुर्चीवर टांगलेल्या तिच्याच कोटाच्या खिशात घातला. ती पुन्हा आली नाही.

सेशनवाले कुणी काही बोलले नाहीत. त्यांचं कामच होत होतं. खंजिरीवालीचा अपमान त्यांनाही करायचाच असायचा, पण स्वभावात बसत नव्हता. आता घरचाच माणूस मिळाला होता, तोही दूरच्या घरचा. मोबदल्यात त्यांनी अंबरीशला शेकोटीजवळची खुर्ची दिली, मॉसी आणि ब्रीजीच्या मधली. त्या खुर्चीसाठी अंबरीश आठवडाभर कंटेनर मोजत जगे. ऑफिसात त्याला तिशीतला मॅनेजर होता. महाराष्ट्र मंडळात त्याला गणपतीचं पार्किंग बघायला उभं करत. पण रविवारी दुपारी त्या खुर्चीत बसून मांडीवर ढोल घेतला की तो कुणीतरी असायचा.

त्याचं वाजवणं कसं होतं? जोरदार होतं. धून कुठे चाललीय याच्याशी त्याचा संबंध नसे; तो आपल्या वाटेने जाई आणि बहुतेकदा आधी पोचे. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळे सहन करत. मग ब्रीजी डोळे मिटून एखादी संथ, लयविरहित, विलापाची धून काढायची. तिच्यावर ढोल वाजवत नाहीत, हा नियम अंबरीशला पाठ होता. तो काठी खाली ठेवायचा. ती संपली की दुसरी विलापाची. अंबरीश घरी येऊन सांगायचा, "ब्रीजी फार हळवी आहे गं. दर रविवारी तिला भरून येतं."

"तुझं झाल्यावरच येतं का?" श्रद्धा विचारायची.

"हो. योगायोग."

सहा वर्षं अशी गेली. सातव्या वर्षी, ऑक्टोबरात, बारपाशी कुणीतरी फोनवर बोलताना अंबरीशने ऐकलं: "हो गं आई, जेवलो. भातच. दुसरं काय मिळतंय."

अंबरीश ढोल काखेत मारून तिकडे गेला. "मराठी?"

"असावं. आईशी बोलताना तेच निघतं." चाळिशीचा माणूस होता, सावळा, शांत, हातात अर्धी झालेली बिअर.

"वा, वा! मी टोकेकर, पुण्याचा. आपण?"

"प्रणय. इथल्या हॉस्पिटलात भूल देतो लोकांना."

"डॉक्टर! छान. मूळचे?"

"उदगीरचा."

"उदगीरचे कोण?"

प्रणयने ग्लास खाली ठेवला. या प्रश्नाला जगात दोनच हेतू असतात, आणि दुसरा कुणाला आठवत नाही.

"म्हणजे पूर्ण नाव हो. सहज."

"मग सहजच सांगतो. सोनकांबळे."

"अच्छा, अच्छा," अंबरीश म्हणाला. पहिला अच्छा ऐकल्याचा, दुसरा कळल्याचा.

अंबरीश जात मानत नसे. हे तो स्वतः जातीने सांगत असे. त्यामुळे खुर्चीत परत बसताना त्याला जी धास्ती वाटली तिला त्याने जातीशी जोडलं नाही. ती धास्ती निव्वळ सांगीतिक होती. वाईजवळच्या आजोळी लहानपणी त्याने मयताच्या पुढे वाजणारी हलगी ऐकली होती. गोल कडं, ताणलेलं कातडं, काठी. बौरानच तो! आणि हे लोक पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेले. त्याने बारकडे पाहिलं. प्रणय ग्लासवर बोटं वाजवत होता. ती तालात नव्हती. पण अंबरीशला तो फरक कळत असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्याने घरी सांगितलं, "माझी खुर्ची गेली बघ."

"कुणी नेली?"

"अजून नाही नेली. पण आज एक सोनकांबळे आला होता. सेशनला ढोल एकच असतो श्रद्धा. त्याने एकदा हातात घेतला की संपलं. मी चार परीक्षा दिलेला असलो तरी त्यांच्या रक्तात असतं."

"तो डॉक्टर आहे म्हणालास ना?"

"व्यवसायाने."

श्रद्धाने विचारलं, "मागच्या महिन्यात मंडळात भाषण ठोकलंस ना, इथे आल्यावर जात उरत नाही म्हणून?"

"ते भाषण होतं," अंबरीश म्हणाला.

प्रणय दर रविवारी येऊ लागला. यायचा, बिअर घ्यायचा, भिंतीला टेकून ऐकायचा, जायचा. ढोलाकडे त्याने बोट केलं नाही. अंबरीशला हीच गोष्ट जास्त संशयास्पद वाटली: हा दबा धरून बसलाय. तेव्हा अंबरीशने ठरवलं, आधीच बंदोबस्त करायचा. खोटं बोलायचं नाही. फक्त माहिती द्यायची. एका रविवारी बारपाशी त्याने ब्रीजीला गाठलं.

"तो डॉक्टर दिसतोय ना," तो दबक्या आवाजात म्हणाला, "त्याच्या समाजाचं आमच्याकडे परंपरेने ढोल वाजवण्याचं काम. पण मयताला हं. प्रेताच्या पुढे चालायचं, सगळ्यांपासून लांब, एकटं. घरात यायचं नाही, देवळात यायचं नाही. त्यांना जेवण बाहेर देतात, ओट्यावर ठेवून. हातात नाही देत. वाद्य फार मोठ्या आवाजाचं. उघड्यावरचं. सेशनला योग्य नाही, एवढंच सांगून ठेवतो."

यातला इशारा पुण्यात कुठल्याही बाईला अर्ध्या वाक्यात कळला असता. ब्रीजीने विचारलं, "किती पिढ्या?"

"असतील की. हजार वर्षं तरी."

इथे अंबरीशचा अभ्यास कमी पडला. योग्य वाद्यं त्याने पाठ केली होती. माणसं केली नव्हती. ब्रीजीच्या जगात माणसाची किंमत एकाच प्रश्नावर ठरते: तुझ्या आधी घरात कोण वाजवायचं? ती स्वतः चौथ्या पिढीची फिडलवाली, आणि हे चार पिढ्यांचं ती सरदारकीसारखं मिरवायची. हजार वर्षं! तिने भिंतीला टेकलेल्या त्या सावळ्या माणसाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे पाणावले. या वेळी खरोखर.

पुढच्या रविवारपासून प्रणयला बिअरचे पैसे पडेनात. मॉसीने त्याला हाक मारून शेजारी बसवलं आणि टोपी काढून दोन शब्द बोलला. मॉसीने टोपी काढलेली कुणी पाहिली नव्हती. खुर्च्या सरकवताना अंबरीशची खुर्ची शेकोटीपासून थोडी दूर गेली, खिडकीच्या फटीकडे. प्रणयला वाटलं, डॉक्टरांना या देशात मान आहे. अंबरीशला वाटलं, अफवा पसरवायला जरा उशीर झाला.

डिसेंबरात मॉसी वारला. झोपेत, टोपी खुंटीला लावून.

त्या रविवारी सेशन झालं नाही; सगळे नुसते टेबलाभोवती बसले. ब्रीजी म्हणाली, "मॉसीने सांगून ठेवलं होतं. पबपासून चर्चपर्यंत शवपेटीची गाडी चालत न्यायची. पुढे एक ढोल. दुसरं काही नाही. एकच ढोल, संथ, आणि चांगला वाजवणारा." ती प्रणयकडे वळली. "डॉक्टर, हे मागणं मोठं आहे, मला कल्पना आहे. तुझ्या घराण्याची विद्या आहे ती. तू वाजवशील का? मॉसी म्हणायचा, अशा माणसाने वाजवलं तर शेकोटीजवळची ती खुर्चीसुद्धा कायमची त्याचीच."

अंबरीशच्या कानात खुर्ची हा एकच शब्द घुमत होता.

"माझ्या घराण्याची कुठली विद्या?" प्रणयने विचारलं.

"ढोलाची. हजार वर्षांची. मयतापुढे चालायची, लांबून, एकट्याने. अँब्रोझने सांगितलं सगळं."

भूल देणाऱ्याला सवय असते: औषध सोडायचं आणि आकडे मोजत माणसाकडे बघत राहायचं. प्रणय तसा अंबरीशकडे बघत राहिला. मग मराठीत बोलला, आवाज न चढवता.

"काय हो टोकेकरसाहेब, हे कुठं वाचलं?"

"नाही, म्हणजे… परंपरेबद्दल बोलणं निघालं होतं. चांगल्या अर्थाने."

"चांगल्याच अर्थाने असणार. पण थोडं चुकलं बघा तुमचं. आमच्या आजोबांकडं हलगी नव्हतीच. हलगी दुसऱ्यांकडं. आमच्याकडं खबर पोचवायचं काम. गावात कुणी मेलं की त्याच्या सोयऱ्यांच्या गावी धावायचं, वाड्याबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं, आणि आतून कुणी काही टाकेपर्यंत तिथंच उभं राहायचं. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या वर्षी आजोबांनी ते सोडलं. म्हणाले, आता ज्याचा मेला त्याने सांगावं. त्यापायी गावाने विहीर बंद केली. पण तुमच्याकडून बघितलं की हलगीवाला काय नि खबरवाला काय, सगळं सारखंच दिसत असणार."

"अहो, तसं नाही डॉक्टर…"

"आणि मला सा म्हणजे काय तेसुद्धा कळत नाही. शाळेत प्रार्थनेला मास्तर मला नुसते ओठ हलव म्हणायचे. मी इथं बिअर प्यायला येतो."

आता अंबरीशला एकच गोष्ट ऐकू आली: याला वाजवता येत नाही. म्हणजे स्पर्धक नाही! लाज वाटण्याआधी त्याला आनंद झाला, आणि लाजेला मग जागाच उरली नाही. तो ब्रीजीकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मी वाजवतो! डॉक्टरांना नाही जमणार. मी आहे ना. मॉसीसाठी."

ब्रीजीचा चेहरा पडला. तिने प्रणयकडे पाहिलं. "खरंच नाही?"

"नाही," प्रणय इंग्रजीत म्हणाला. "आमच्या घरात ते सोडलं. पण यांनाच द्या. यांची फार इच्छा आहे. फक्त एक. करायचं तर परंपरेप्रमाणे करा. अर्धवट नको."

"अर्थात," ब्रीजी म्हणाली. परंपरा अर्धवट करणं म्हणजे तिला पापच. "म्हणजे अँब्रोझने सांगितलं तसं? लांब, एकटं? चर्चमध्ये यायचं नाही?"

"यायचं नाही."

"आणि जेवण बाहेर? हातात न देता?"

"ओट्यावर ठेवायचं. त्याला शिवायचं नाही. यांनी बरोबर सांगितलंय, यांना माहीत आहे सगळं." मग मराठीत: "काही राहिलं का हो? तुम्हीच सांगा. तुमच्या आजोळी बघितलं असेल."

अंबरीशने तोंड उघडलं. तसं नको, असं म्हणायला काय हरकत होती? हरकत एवढीच होती की का नको, हेही सांगावं लागलं असतं. ती परंपरा नव्हे, ती लाज आहे. ते मानाचं चालणं नव्हे. ते ओट्यावरचं ताट प्रसादाचं नव्हे. आणि हे तुला ठाऊक होतं तर तू मला ते का सांगितलंस अँब्रोझ, हा पुढचा प्रश्न ब्रीजीने मास्तरणीच्या आवाजात विचारला असता. मग कुठली खुर्ची आणि कुठलं काय. टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडे बघत होते, सहा वर्षांत पहिल्यांदा आदराने.

"नाही," तो म्हणाला. "तेवढंच."

अंत्यविधी शुक्रवारी होता. बंदराकडून वारा सुटला होता, असा की कातड्याचा सूर उतरावा आणि नाकाचा चढावा. पबच्या दारात काळी गाडी उभी. अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस उंच टोपी, काळी छडी घेऊन गाडीपुढे उभा. इथल्या रिवाजाप्रमाणे गाडीपुढे तोच चालतो. अंबरीश काळ्या सुटात ढोल घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"इथे नाही सर," टोपीवाला अदबीने म्हणाला. "मिसेस ब्रीजींनी सांगितलंय, तुम्ही पुढे. त्या लाल पोस्टाच्या पेटीपाशी."

"एवढं पुढे?"

"तुमच्या धर्माचं आहे म्हणे. आम्ही सगळ्यांच्या श्रद्धेचा मान राखतो. पण एकटेच रस्त्यावर असाल, ट्रॅफिक सुरू आहे, तेव्हा हे." त्याने गाडीतून झगझगीत पिवळं जॅकेट काढलं. रस्ता खणणारे घालतात ते. "इन्शुरन्स, सर."

तर अंबरीश पिवळं जॅकेट घालून पोर्ट्सवुडच्या रस्त्यावरून निघाला. मागे बराच मोकळा रस्ता, मग टोपीवाला, मग मॉसी, मग माणसं. एका बसवाल्याला वाटलं, रस्त्याचं काम आहे. त्याने काच खाली करून विचारलं, वळण कुठून घ्यायचं. अंबरीशने काठीने दिशा दाखवली, आणि तेवढ्यात त्याचा ठेका चुकला. मागे कुणाला कळलं नाही. इतक्या लांबून ऐकूच येत नव्हता.

चर्चच्या दाराशी तो बाजूला झाला. शवपेटी आत गेली, माणसं आत गेली. जाताना प्रत्येकाने त्याच्याकडे पाहून मान झुकवली आणि नीट अंतर ठेवून वळसा घेतला. ब्रीजीने सगळ्यांना समजावून सांगितलेलं होतं. कुणी हात पुढे केला नाही. श्रद्धाही त्याच रांगेत होती. ती एक क्षण थांबली.

"मी थांबू का बाहेर तुझ्याबरोबर?"

"नको. लोक काय म्हणतील?"

"बरं," ती म्हणाली, आणि प्रणयच्या शेजारी जाऊन बसली, कारण तिथे हीटर होता.

दफन घरच्यांपुरतं होतं. बाकीचे तासाभराने शेजारच्या पॅरिश हॉलमध्ये गेले, चहा आणि सँडविचला. अंबरीश दाराबाहेरच्या पार्किंगमध्ये उभा होता. सगळ्यात शेवटी प्रणय आला. दार धरून तो थांबला. अंबरीशला वाटलं, आता हा म्हणेल, या आत, झालं गेलं. तसं तो म्हणाला असता तर अंबरीश रडला असता, आणि पुढे ते वर्षभर चांगल्या अर्थाने सांगत फिरला असता.

"थंडी आहे," प्रणय म्हणाला. "जॅकेट राहू द्या अंगावर." आणि आत गेला.

थोड्या वेळाने ब्रीजी आली. हातात कागदी प्लेट: दोन सँडविचेस, फ्रूटकेकचा तुकडा, वर दुमडलेला नॅपकिन. अंबरीशने दोन्ही हात पुढे केले. ब्रीजी दचकली, मागे सरली, आणि तिने प्लेट जपून पार्किंगच्या बुटक्या भिंतीवर ठेवली. मग दोन पावलं दूर होऊन हात जोडले. तेही कुठेतरी शिकून आली होती. डोळे भरलेले.

"पद्धतीत काही चुकलं नाही ना अँब्रोझ?"

"नाही, नाही," अंबरीश म्हणाला. "लव्हली."

"थँक यू," ती म्हणाली. "मॉसीला फार बरं वाटलं असेल." जाताना तिने दार ओढून घेतलं, वारा आत येत होता म्हणून.

अंबरीशने सँडविच उचललं. अंड्याचं होतं. भिंतीवर बसावं की नाही, याचा परंपरेत उल्लेख नव्हता. तो उभ्यानेच खाऊ लागला. आत खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. कुणीतरी फिडल जुळवलं. हसणं ऐकू आलं, मग एक नाचरी धून, जलद, मॉसीची आवडती, आणि मग सगळे एकदम तिच्यात शिरले.

आत तीन फिडल होती, एक बासरी, एक बँजो, आणि मॉसीचा अकॉर्डियन त्याची भाची वाजवत होती. ढोल नव्हता.